आईच्या नवसाचा पेला

सातपाटीहून पालघरला जाणाऱ्या एस.टी.त मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका मागे बसायच्या आणि मी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे. पालघरला कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मागच्या बायकांत माझी आईही असायची. तिने मला बसमध्ये कधी हाक मारली नाही. मारू नकोस असं मी तिला सांगितलं नव्हतं, पण मार असंही म्हटलं नव्हतं. पुढे जे घडलं ते यापेक्षा फार वेगळं नाही, म्हणून हे आधी लिहितो.

मी मॅट्रिकला असताना आईला क्षय झाला. पालघरच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. आधी रोज सुई, मग आठवड्यातून दोनदा, आणि गोळ्या दीड वर्ष. आई मासळी विकायला जायची ती आधी दवाखान्यात आणि मग बाजारात. घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. क्षय झालेल्या बाईच्या पाटीतला बोंबील कोण घेणार?

अडचण होती ती पेल्याची. डॉक्टरांनी तिला भांडं वेगळं ठेवायला सांगितलं होतं, आणि बाजारात तर सगळ्या बायका एकाच लोट्यातून पाणी प्यायच्या, एकीच्या कपातला चहा दुसरी घ्यायची. तेव्हा आईने सांगून टाकलं की तिने देवीला नवस बोललाय, दीड वर्ष दुसऱ्याच्या भांड्यात पाणी प्यायचं नाही. पाटीत कापडात गुंडाळलेला एक पितळी पेला ती ठेवू लागली. नवस म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही. पुढे तिचा खोकला गेला, अंगावर मांस आलं, आणि गावात बोललं जाऊ लागलं की देवी पावली.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा डॉक्टरांनी गावोगाव सभा घ्यायचं ठरवलं. कॉलेजची चार-पाच मुलं त्यांना हवी होती. मला ते बाजूला घेऊन म्हणाले, "तू घरात पाहिलं आहेस. तू बोललास तर लोक ऐकतील."

पहिली सभा आमच्याच गावात, शाळेच्या व्हरांड्यात. होड्या किनाऱ्याला असतील असा दिवस पाहिला होता. पालघरचे माझे दोन वर्गमित्र फुप्फुसांचं चित्र धरून उभे होते. मी बोललो, चांगलं बोललो. खोकला तीन-चार आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्या, बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नका, लपवू नका. लपवू नका हे मी दोनदा म्हणालो.

मग काकी उठली. ही माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, शेजारच्याच घरातली, बाजारात आईच्या बाजूला बसणारी. तीही दोन महिने खोकत होती. तिने विचारलं, "पोरा, चित्र ऱ्हाऊ दे. सुया-गोळ्यांनी बरा झालेला मानूस तू तुज्या डोल्यांनी बगलास काय?"

आई तिच्या शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगणं त्यांचं काम नव्हतं, ते आईचं किंवा माझं होतं.

"मी स्वतः नाही पाहिला," मी म्हणालो, "पण डॉक्टर सांगतात."

"सांगतात," काकी म्हणाली. मागे कोणीतरी हसलं. काकीने पदराखालून एक पेला काढला, नवा कोरा, आणि आईला दाखवला. "बग गो बाय, आपला नवसच बरा. मी पन परवापासून धरलाय."

आईने तो पेला हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

नंतर बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की आईच्या धंद्यासाठी खोटं बोललो. ते खरं नव्हतं. माझं लक्ष त्या दोन वर्गमित्रांकडे होतं. त्यांच्या घरी मी जेवायला जायचो.

काकीने नवस नेमाने पाळला. बाजारात दोघी आपापल्या पेल्यातून पाणी प्यायच्या. शिमगा गेला, पाऊस लागला, होड्या वर ओढल्या, आणि नारळी पुनवेच्या आधी एका सकाळी सुकट निवडताना काकीला रक्ताची उलटी झाली. त्याच दिवशी आईने तिला एस.टी.त घालून दवाखान्यात नेलं. वाटेत सगळं सांगितलं, बसमध्येच, चार बायकांदेखत.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "आय, एवढे दिवस का नाय सांगितलंस तिला?"

ती चूल पेटवत होती. "तू सगल्या गावासमोर नाय म्हनालास. मी कशी हो म्हनू? शिकल्याला पोरगा खोटा पडला असता." मग फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "मला वाटलं, तूच सांगशील."

काकी वाचली, पण एक फुप्फुस कामातून गेलं. पाटी डोक्यावर घेणं तिला पुन्हा जमलं नाही. पालघरची आईची बरीच गिऱ्हाइकं तुटली. ती बोईसरला जाऊ लागली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिकडच्या कामगारांना सुकी मासळी हवीच असायची. याबद्दल ती एकदाही कुरकुरली नाही, आणि मला ते कुरकुरण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या हिवाळ्यात बोईसरला कामगारांच्या झोपड्यांजवळ आमची सभा झाली. तिथे मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की माझ्या आईला क्षय झाला होता आणि ती बरी झाली आहे. एक जण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. मला हलकं वाटलं. घरी आल्यावर मी ते काकीला सांगायला गेलो. ती ओट्यावर लसूण सोलत होती.

"बोईसरला सांगितलंस," ती म्हणाली. "तिथं तुला कोन वलखतं?"

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"इथं तर तुज्या घशात काटा अडकलेला." ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी पाणी आणायला उठलो. तिने हाताने थांबवलं आणि बाजूला ठेवलेला आपला पेला घेतला.

आमच्या गावात दुसरी सभा लावायला मला आणखी दोन महिने लागले. शाळेचा तोच व्हरांडा. तेच दोन वर्गमित्र आले होते. माणसं मात्र कमी होती. काकी आईच्या खांद्याला धरून आली आणि पुढे बसली. मी खोकल्यापासून सुरुवात केली. तिने मला फार बोलू दिलं नाही.

"पोरा, बरा झालेला मानूस तू डोल्यांनी बगलास काय?"

"हो, काकी," मी म्हणालो. "माझी आई. आमच्या घरातच."

मी जमिनीकडे बघत होतो. आईचा आवाज आला, "मोठ्यानं बोल. मागं ऐकू जात नाय."