वावराला लागलेली नळी

"ठेव आता तुलेच ती साडी. अंगाले लागली तुह्या, माह्या घरी कोन नेसन आता?"

पाटलीणबाई मागच्या दाराच्या पायरीवर उभ्या होत्या. मी खाली अंगणात. माझ्या हातात त्यांचीच मोरपंखी साडी होती. धुतलेली, वाळवलेली, नीट घडी घातलेली. मी ती परत द्यायला गेले होते. त्यांनी हात पुढे केलाच नाही. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजीवालीला उद्या ये म्हणावं, इतक्या सहज बोलल्या. वर म्हणाल्या, "चांगली हाये. लग्नाकार्यात नेसजो."

मी उभी होते तिथून घराच्या बाजूचा ट्रॅक्टर दिसत होता. ट्रॉलीत ठिबकच्या काळ्या नळ्यांची भेंडोळी रचली होती. आदल्या दिवशी त्याच नळ्या माझ्या वावरात अंथरल्या होत्या. मी ती साडी नेसून त्यांच्याजवळ उभी होते आणि कृषी खात्याच्या साहेबांनी मोबाईलवर माझा फोटो काढला होता. आता पाटलांचा गडी एकेक भेंडोळं खांद्यावर घेऊन त्यांच्या संत्र्याच्या बागेकडे चालला होता.

साडी माझ्या अंगाला लागली, ती बाटली. नळी माझ्या मातीला लागली. माझ्या नावाला, माझ्या जातीच्या दाखल्याला लागली. ती नाही बाटली. ती बागेत चालली.

साडी काखेत मारून मी निघाले आणि आमच्या बौद्धपुऱ्याच्या वळणावर बसून ओकले. मग घरी गेले आणि भाकरी टाकल्या.

आमचं गाव तळेगावच्या बाजूला. इकडे जमीन ज्याची, त्याच्या संत्र्याच्या बागा. आमचं वावर लहान, सासऱ्यांच्या मागे माझ्या नावावर झालेलं. नवरा सावंगीच्या दवाखान्यात रखवालदार आहे, सुटी मिळाली की येतो. शेती माझ्याकडेच. विहीर आहे, तिच्यावर मोटर आहे. पण पाटाने पाणी सोडलं की अर्धं पाणी वाटेतली माती पिते आणि उन्हाळ्यात विहीर दुपारीच तळ दाखवते. कपाशीची पऱ्हाटी उपटली की आमचं वावर पुढचे सगळे महिने ओसाड. मग मी पाटलांच्या बागेत मजुरीला. त्यांच्या झाडांच्या बुडाशी नळीतून थेंब थेंब पाणी पडताना बघायचे आणि मनात माझ्या वावरात वांगी लावायचे. रोज लावायचे, रोज संध्याकाळी सोडून द्यायचे.

मला एवढंच हवं होतं. उन्हाळ्यात माझ्या वावरात हिरवं काहीतरी. दुसऱ्याच्या बागेत वाकायला लागू नये.

पाटलांना हे माहीत होतं. एकदा कामावरून सुट्टी झाल्यावर मला थांबवून म्हणाले, "सरकार ठिबकले अनुदान देऊन राह्यलं. तुमच्या लोकायले आमच्याहून जास्त देते. तुह्या नावानं घेऊ. सुरुवातीचे पैसे म्या भरतो. तू फक्त सही दे."

मी विचारलं, "नळी कोनाच्या वावरात राहीन, पाटील?"

"नवी माह्या बागेत. मले आता माह्या नावानं भेटत नाई, घेऊन झालं. पन माह्या बागेतली जुनी नळी तुले देतो. तुले काय, पानी पडल्याशी मतलब."

आमच्या लोकांना जास्त मिळतं, हे सांगताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. सवलतीवर हा माणूस चावडीसमोर तासभर बोलू शकतो. फुकटे, आयतोबा, सरकारचे जावई, सगळं आमच्या कानावर पडेल अशा आवाजात. आणि तीच सवलत मागायला माझ्यापुढे उभा होता. मला तेव्हाच थुंकावंसं वाटलं. पण माझ्या वावराकडे जायची वाट त्यांच्या बागेतून जाते. आणि जुनी का होईना, नळी मिळणार होती. मी हो म्हटलं. अर्जासाठी मोबाईलवर आलेले आकडे तळेगावच्या ठिबकवाल्या दुकानदाराला वाचून दाखवले. अनुदान माझ्या खात्यात आलं, तेव्हा पाटील स्वतः मला गाडीवरून बँकेत घेऊन गेले. गाडीवर मधे पिशवी ठेवली होती. काढलेले पैसे तिथंच मोजून खिशात घातले.

पण ते नंतर. आधी फोटो. फोटोच्या सकाळी पाटलीणबाईंनी ती साडी पाठवली. सरकारी फोटोत माझं पातळ बरं दिसलं नसतं म्हणे. मजुरांनी घाईघाईने पऱ्हाटीच्या खुंटांवरून नळ्या अंथरल्या. साहेब आले. बागेत खुर्च्या टाकून चहा झाला. साहेबांना कपबशी, मला कागदी ग्लास. आमच्या गावात कागदी ग्लास आल्यापासून भेदभाव मिटला, असं लोक म्हणतात. पूर्वी आमच्यासाठी वळचणीला फुटका कप असायचा, तो धुऊन पुन्हा खोचावा लागायचा. आता फेकून दिलं की झालं.

"जरा हसा ताई," साहेब म्हणाले. मी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

जुनी नळी मला मिळाली नाही. साडीचं झालं त्याच आठवड्यात मी विचारलं, तर पाटील जेवता जेवता ओसरीवरून म्हणाले, "ते भंगारवाल्याले देली. सडेल होती. तुले साडी भेटली ना?"

तुला साडी भेटली ना.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे. वाट त्याईच्या बागेतून हाये. वाकडं घेऊन कुठं जाशीन?" त्याचंही खोटं नव्हतं. पण मला झोप लागेना. पुऱ्यातल्या बायांशी बोलायला लागले, तेव्हा कळलं की मी एकटी नव्हते. माझ्या शेजारणीच्या नावावर तुषार सिंचनाचा संच आला होता, तो तिने अजून डोळ्यांनी पाहिला नव्हता. तिलाही एक साडी मिळाली होती. ती तर खूश होती. "पाटलीनबाई मनानं लय चांगली," म्हणत होती. मला तिचा राग आला, आणि मग त्याहून जास्त घाण वाटली ती त्या साड्यांची. आमच्या पेट्यांमधून त्यांच्या विटाळाच्या घड्या आम्ही डांबराच्या गोळ्या घालून जपत होतो.

मग उन्हाळ्यातच पुन्हा तपासणी आली. वरून नवे साहेब येणार, संच जाग्यावर आहे का बघणार. पाटलांचा गडी सकाळीच निरोप घेऊन दारात. "पाटलानं सांगतलं, तेच साडी नेसून येजो. फोटोत सारखं दिसलं पाह्यजे."

मी साडी पेटीत राहू दिली. कामावर जाते तशीच गेले. जुन्या पातळावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, पाय अनवाणी.

वावरात नळ्या अंथरल्या होत्या. बागेतून काढून आणलेल्या. त्यांच्या झाडांखालचा ओला चिखल अजून नळ्यांना चिकटून होता. साहेब तरुण होते, गॉगल लावलेला. त्यांनी चिखल पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. माझी माती भाजून भेगाळलेली आणि नळी ओली. त्यांनी गॉगल नीट केला आणि विचारलं, "ताई, रोज पाणी सोडता का?"

"सोडते ना," पाटील म्हणाले. "रोजच सोडते."

तोंड मला होतं. बोलले ते. फोटो निघाला. यावेळी मी हसले नाही. साहेबांचा मोबाईल अजून हातात होता, तोच पाटलांनी गड्याला हाक दिली, "चाल, गुंडाळ." सरकारी माणसाच्या समोर. त्याच्याकडे न बघता. इतकी खात्री होती त्यांना त्याची, आणि माझी.

गड्याने नळीचं टोक उचललं.

"हात लावू नोको," मी म्हटलं.

तो थांबला. पाटील वळले. "काय झालं बाई?"

"नळी माह्या वावराले लागली, पाटील. बाटली आता. तुमच्या बागेत कशी नेता?"

गड्याच्या हातातलं टोक खाली पडलं. पाटील साहेबांकडे बघून हसले. "काय बोलून राह्यली हे. असं कोन मानते आजकाल?"

"तुमच्या घरी मानते. साडी माह्या अंगाले लागली तं बाटली. मंग नळी काऊन नाई बाटली? दोन्ही माह्याच घरी राहीन."

"पैसे म्या भरले," पाटील ओरडले. "साहेब, पैसे म्या भरले हाये."

"अनुदान माह्या खात्यात आलं. तुमी मले बँकेत नेऊन सगळं काढून घेतलं. वसूल झालं तुमचं."

साहेब गाडीकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "तुमचं आपसात पाहून घ्या." आपसात म्हणे. जसं आम्ही दोघं एका ताटात जेवणारे भाऊ-बहीण. मी त्यांच्या गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, फोटोत नळी कोनाच्या वावरात हाये?"

"तुमच्या."

"आज ते उचलली तं उद्या मी जिल्ह्याले येईन. तुमच्या मोठ्या साहेबाले रिकामं वावर दाखवाले घेऊन येईन. फोटो तुमीच काढला हाये."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. त्यांच्यात धीर नव्हता. त्यांना नोकरीची भीती होती. मला त्यांची भीती पुरेशी होती.

मी परत आले आणि नळ्यांवर बसले. मांडी घालून, भर उन्हात. पाटील माझ्याभोवती फिरत राहिले. मला उठवायचं तर हात लावावा लागणार होता. मारताना या लोकांना विटाळ होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण साहेब बघत होते. गडी बघत होता. वावराच्या कडेला धुऱ्यावर पुऱ्यातल्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांत तुषारवाली शेजारीणही होती. पाटलांनी मला एक घाणेरडी शिवी दिली, आमच्या जातीवरून, आणि ट्रॅक्टर रिकामा घेऊन गेले.

त्याच दिवशी आम्ही बायांनी नळी माझ्या विहिरीच्या मोटरला जोडली.

त्यानंतर सुख झालं असं काही नाही. बागेतल्या वाटेवर काटे पडले. मी नाल्यातून जाते, पाऊस लागला की तो नाला भरेल आणि मग काय करायचं ते अजून ठरायचं आहे. संत्रं तोडायला मला कोणी बोलावत नाही, माझ्यामुळे पुऱ्यातल्या आणखी दोघींनाही बोलावत नाहीत. नवरा आठवडाभर फोनवर नीट बोलला नाही. वांगी लागली आहेत. छोटी आहेत.

मोरपंखी साडी मी फाडून धुऱ्यावर बांधली, रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून सगळेच जुन्या साड्या बांधतात तशी. पाटलांच्या बागेतून ती रोज दिसते. शेजारणीने तिची साडी परवा आणून दिली. म्हणाली, "हे बी बांध." आता आम्ही तिचा तुषारचा संच कोणाच्या वावरात आहे ते शोधायला निघालो आहोत.

पुन्हा तपासणी आली तर येऊ द्या. फोटो काढा. मी याच शर्टात उभी राहीन. आणि फोटो झाल्यावर नळी गुंडाळायला जो वाकेल, मग तो गडी असो की स्वतः पाटील, मी त्याचा हात धरीन. मनगट घट्ट धरीन आणि सगळ्यांसमोर धरून ठेवीन. बाटला तर बाटला.