म्हात्रेकाका डावीकडं का झुकले

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माझ्या हुशारीचा असा पचका आजवर झाला नव्हता.

रोह्यातलं माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक तुम्ही पाहिलंय. स्नायूत किती ताकद आहे ते आम्ही हातानं तपासतो. पेशंटनं हात उचलायचा, मी वरून दाबायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे. सोपं वाटतं ना? पण शरीर महालबाड. खांद्याचा स्नायू कमजोर असला की पेशंट नकळत अंग दुसऱ्या बाजूला झुकवतो, आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. ही चोरी पकडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

तर म्हात्रेकाका. राहायला कासूजवळ, नोकरी धाटावच्या केमिकल कंपनीत. उजव्या खांद्याचं हाड मोडून जुळलेलं. ताकद पुरेशी आहे असं मी लिहून दिलं तरच सोमवारपासून शिफ्ट मिळणार होती. घरी बसून माणूस इतका कंटाळला होता की बायकोला कांदा कसा चिरायचा ते शिकवायला लागला होता. त्या दिवशी तीच त्यांना स्कूटरवरून घेऊन आली, स्कूटर खाली लावली आणि बाजारात गेली.

काकांना खुर्चीत बसवून मी त्यांच्या समोर, जरा उजव्या हाताला उभी राहिले. "काका, हात बाजूनं वर घ्या."

हात वर गेला आणि अख्खे काका डावीकडं झुकले.

सापडली चोरी. "अंग झुकवू नका, काका."

"नाय झुकत, मॅडम," म्हणत पुन्हा झुकले.

डावा हात तपासला, तर काका ताठ. खाटेवर झोपवून उजवा तपासला, तिथंही अंग सरळ आणि ताकद चांगली. परत खुर्चीत बसवलं, की झुकलेच! आता मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. खाटेवर शाबूत असलेला स्नायू खुर्चीत कमजोर कसा होईल? मानेतली नस असेल? की तोलाचीच गडबड, म्हणजे थेट मेंदू? हा पेशंट मी एखाद्या परिषदेत मोठमोठ्या डॉक्टरांना समजावून सांगतेय, इथपर्यंत मी पोचले होते.

"काका, चक्कर येते?"

"नाय वो."

"डावीकडं ओढल्यासारखं वाटतं?"

काकांनी जरा विचार केला. "व्हय. तसं वाटतंय खरं."

झालं. "सोमवारचं विसरा. आधी मानेचा एमआरआय काढू."

काकांचा चेहराच उतरला. "मॅडम, अजून एक डाव बघा ना. घरात बसून येडा व्हईन मी."

मला फार वाईट वाटलं. शेवटची संधी म्हणून मी माझ्या ओढणीनं त्यांना खुर्चीच्या पाठीला बांधलं, चांगली घट्ट गाठ मारून. आता झुका बघू. मी हात दाबला आणि त्यांची कंबर नीट दिसावी म्हणून एक पाऊल बाजूला झाले.

"ए मेल्या, सोड!"

माझा दाब झिडकारून काकांचा उजवा हात सरळ वर गेला आणि मी मागच्या खाटेवर जाऊन आदळले. अंग सूतभरही झुकलं नव्हतं. मी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. "काका, पाचपैकी पाच!"

"पाच ऱ्हाऊ दे, वडनी सोडा. बोका जिताडा नेतोय!"

मी मागं वळले. खिडकीतून खाली स्कूटर दिसत होती, तिच्या हुकाला फाटकी पिशवी, आणि आमच्या खाडीचा तो राजा मासा तोंडात धरून बोका कुंपणावर. उजवा हात तपासताना मी नेमकी त्या खिडकीच्या आड उभी राहत होते. काका डावीकडं झुकून माझ्या उजव्या अंगानं डोकावत मासा राखत होते. गाठ सुटेपर्यंत बोका पसार.

"अहो, मग आधी सांगायचं ना?"

"कसा सांगनार? तुमच्यासाठीच आनलेला. बायको म्हनली, आधी तपासनी होऊ दे, मग द्या. नायतर मॅडमना वाटंल, मासा देऊन पास व्हायला आलाय."

सोमवारी काका शिफ्टला गेले. आमच्याकडं त्या दिवशी पडवळाची भाजी होती.

तेव्हापासून पेशंट झुकला की मी स्नायूचा विचार नंतर करते, आधी वळून खिडकीबाहेर बघते. कुंपणावर बोका बसलेला असतो. मी परत कुणाला बांधते कधी, याची वाट बघत.