जीनपुऱ्यातलं भोंग्यावरचं लगन

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर उतरून जीनपुरा कुठे आहे असं विचारावं लागत नाही. थोडा वेळ उभं राहिलं की जीनपुऱ्याचा आवाज आपणच कानावर येतो. तिथली माणसं हळू बोलत नाहीत, कारण हळू बोलणं त्यांना कोणी शिकवलंच नाही. ज्यांच्या दोन पिढ्या कापसाच्या जिनाच्या खडखडाटात वाढल्या, त्यांनी कानात सांगितलेलं गुपितसुद्धा तीन गल्ल्यांना कळतं. जीन बंद पडून बरीच वर्षं झाली, यंत्रं भंगारात गेली, पण ओरडणं काही गेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मनकर्णाबाई या वस्तीत धनजहून सून म्हणून आली, तेव्हा जीन जोरात होतं. बाहेरून आलेल्या एका शेठने ते बांधलं, कामगारांसाठी खोल्यांच्या दोन रांगा उभ्या केल्या आणि त्यांना लाइन असं नाव दिलं. आसपासच्या खेड्यांतून कुणबी आले, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून बंजारा बायामाणसं हंगामापुरती आली. हंगाम संपला तरी ती गेली नाहीत, कारण तोवर पोरांची नावं शाळेत घातली होती आणि नळावरची भांडणं अर्धवट राहिली होती. हवेत कायम रुई उडायची. ती वरणात पडायची, दह्यात पडायची. नवा पाहुणा ‘खोबरं छान घातलंय’ म्हणाला की घरची मंडळी मान डोलवायची आणि आणखी वाढायची.

मनकर्णाबाईचा नवरा बबनराव बॉयलरवर होता. बॉयलरच्या खोलीवर भोंगा होता आणि त्याची साखळी बबनरावच्या हाती. माणूस लाख मोलाचा, पण जेवण झालं की त्याचा डोळा लागायचा. डबा घेऊन आलेली मनकर्णाबाई मग स्वतःच साखळी ओढायची. शेठला हे ठाऊक नव्हतं, बाकी सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोरं तिला भोंगामाय म्हणू लागली. बबनराव गेला, जीन गेलं, तरी ते नाव राहिलं.

भोंग्याची भाषा सोपी होती. एक लांब भोंगा म्हणजे पाळी बदलली. थांबतच नाही असा भोंगा म्हणजे रुईला आग. तो ऐकला की ज्याच्या हाताशी जे भांडं असेल ते भरून त्याने ओट्याकडे पळायचं, कारण रुईचे ढीग ओट्यावर असत. कोणाची आग, कोणाची रुई, हे विचारायचं नाही. एकदा तर एक गृहस्थ अंगाला साबण लावलेला तसाच बादली घेऊन आला होता. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याची नातवंडं आता शिकलेली आहेत.

गावाचंही घड्याळ भोंग्यावर चाले. कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा भोंगा गप्प बसला आणि अर्धं गाव कामाला उशिरा पोचू लागलं. संप कशासाठी होता ते आज कोणाला धड सांगता येत नाही, पण त्या दिवसांत झोप फार छान लागायची यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आणि लग्नं. हंगामात शेठ लग्नाला सुट्टी देत नसे. म्हणून जीनपुऱ्यात लग्न दिवसपाळी सुटायच्या भोंग्यावर लागे. भटजी मंगलाष्टकं सुरू करीत, आणि भोंगा वाजला की अंतरपाट खाली, हार गळ्यात. भोंग्याला उशीर झाला तर भटजी पदरचं एखादं कडवं घालीत. पुढे पुढे लोकांची अशी खात्रीच झाली की भोंग्यावर लागलेलं लग्न मोडत नाही. तसं एकही मोडलं नाही, हे खरं. लाइनीतल्या एवढ्याशा खोलीत वेगळं राहायला जागा तरी कुठे होती?

एक लग्न मात्र फसलं, ते जानरावचं.

जानराव जिनातला फिटर. बबनरावचा जिवलग, भोंग्याचा व्हॉल्व त्याच्याइतका कोणाला कळत नसे. त्याच्या लग्नात बबनराव करवला होऊन मांडवात उभा राहिला आणि साखळी मनकर्णाबाईकडे आली. मंगलाष्टकं संपत आली की मांडवातून एक जण दुपट्टा हलवणार, ती खिडकीतून बघणार आणि ओढणार, असं ठरलं. झालं असं की मांडवात एक बकरी शिरली. बबनरावने तिला हाकलायला दुपट्टा झटकला. मनकर्णाबाईने ओढली साखळी.

भोंगा झाला, अंतरपाट पडला. तो नुसता धरून पाहिला होता, नवरी अजून घरातून यायची होती. अंतरपाटापलीकडे तिचा मामा कोणीतरी ठेवलेला पाट सरळ करीत वाकला होता. जानरावच्या कानाला आणि हाताला भोंग्याची सवय. वाजला की हात चालले पाहिजेत. त्याने हार घातला, तो मामाच्या गळ्यात.

भोंगा पुन्हा वाजवता येईना, कारण पुन्हा वाजला तर नुकतीच आत गेलेली रात्रपाळी बाहेर पडली असती. शेवटी शीलाबाई नावाच्या त्या बिचाऱ्या नवरीला थाळी वाजवून हार घातला गेला. जीनपुऱ्याने पुढची कित्येक वर्षं जानरावला ‘मामा कसे आहेत?’ असं विचारलं. त्या दिवसापासून जानराव मनकर्णाबाईशी बोलला नाही आणि भोंग्यावरच्या एकाही लग्नाला गेला नाही. मनकर्णाबाईला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण माफी मागायची तर आधी बकरीने मागावी, असं तिचं म्हणणं पडलं.

आता यंदाची गोष्ट. जिनाच्या जागेवर प्लॉट पडले. बॉयलरची खोली पावसाळ्याआधी पाडणार हे नक्की झालं, आणि त्याच उन्हाळ्यात मनकर्णाबाईची नात संस्कृती हिचं लग्न मानोऱ्याच्या मुलाशी ठरलं. म्हातारीने एकच हट्ट धरला. लग्न जुन्या ओट्यावर होईल आणि भोंग्यावर लागेल. हा शेवटचा भोंगा, तो तिच्या नातीचा. त्यावाचून तिला चैन पडणार नव्हतं. वाफ नव्हती, पण पंक्चरवाल्या राजूच्या दुकानात हवेचं मोठं यंत्र होतं. अडचण एवढीच, की व्हॉल्व गंजून बसला होता आणि तो सोडवणारा हात जगात एकच होता.

“आजी, जानरावआबाले सांग ना,” संस्कृती म्हणाली.

“मी कायले सांगू? त्याले दिसत नाई का?”

“तो म्हणते, वहिनीनं तोंडानं म्हटलं तं येतो.”

“मंग राहू दे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण मी काई अजून तेवढी अडली नाई.”

हे संभाषण जीनपुऱ्याच्या पद्धतीने हळू आवाजात झाल्यामुळे लाइनीच्या टोकाला बसलेल्या जानरावने ते पूर्ण ऐकलं. त्याने तिथूनच उत्तर दिलं, “गाढव कोणाले म्हणून राह्यली ते इचार तिले.”

झालं, होती ती आशाही गेली. राजूने मग आपल्या अकलेने व्हॉल्वला तेल पाजलं, हातोडी मारली आणि ‘होते बाप्पा, काहून नाई होत?’ असा धीर दिला. राजू टायरमधला देवमाणूस आहे, पण भोंगा काही टायर नव्हे.

लग्नाच्या दिवशी मुलाचे वडील भागवतराव कडक इस्त्रीत आले. सोबत डीजे, आणि धूर सोडणारं एक यंत्र. हार घालताना नवरानवरीभोवती पांढरा धूर निघाला की फोटो ढगातल्यासारखे येतात म्हणे. मनकर्णाबाईने यंत्राकडे बघून नाक मुरडलं. इवाई आहेत, व्याह्यांचं एवढं चालायचंच, असं म्हणून ती साखळीपाशी जाऊन बसली.

जानराव मांडवात आला नाही. शीलाबाईही आली नाही. नवरा जिथे जात नाही तिथे आपण गेलो तर घरी फार ऐकावं लागतं, आणि जीनपुऱ्यात ते सगळ्यांनाच ऐकावं लागतं.

मंगलाष्टकं संपत आली. दुपट्टा हलला. या वेळी बकरी नाही ना, हे मनकर्णाबाईने नीट पाहिलं आणि साखळी ओढली. भोंगा वाजला. इतक्या वर्षांनी वाजला, आणि असा वाजला की म्हातारीच्या डोळ्यांना धारा लागल्या. अंतरपाट पडला, संस्कृतीने हार घातला, मुलाने हार घातला, यंत्रातून भस्सकन पांढरा धूर निघाला. सगळं वेळेवर, सगळं सुरेख.

मग तिने साखळी सोडली. भोंगा थांबला नाही.

राजूने हवेचं यंत्र बंद केलं, पण टाकीत हवा गच्च भरलेली. व्हॉल्व उघडा तो उघडाच. भोंगा वाजतोय, वाजतोय, आणि ओट्यावरून पांढरा धूर वर चढतोय. जीनपुऱ्यातल्या जुन्या माणसांना याचा एकच अर्थ माहीत होता. लाइनीतून माणसं धावली. गावातल्या नव्या नगरांत राहायला गेलेली धावली, आमंत्रण नसलेली धावली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली धावली. सगळ्यांत पुढे मूळची तांड्यावरची धनीबाई, डोक्यावर हंडा. रुई ओट्यावर असायची, धूर ओट्यावर होता, पाणी ओट्यावर गेलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, इथे तर आगच नव्हती. पहिला हंडा भागवतरावांना लागला. दुसरी बादली डीजेला लागली आणि तो कायमचा शांत झाला. नवरदेवाने तिसरी चुकवली, ती भटजींनी घेतली.

जानराव घरून निघाला तेव्हा त्याच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात पाना. ओट्यापर्यंत येताच त्याला सगळं कळलं. त्याने बादली तिथेच ठेवली, या वयात शिडी चढून वर गेला आणि पान्याचे दोन घाव घातले. भोंगा थांबला.

अशी शांतता जीनपुऱ्याने जन्मात ऐकली नव्हती. भागवतरावांच्या मिश्यांमधून पाणी गळत होतं. आता लग्न गेलं, असं मनकर्णाबाईला वाटलं. ती बॉयलरच्या खोलीतून बाहेर आली आणि हात जोडून उभी राहिली.

“इवाई, आमची चूक झाली. पोट्टीवर राग धरू नका.”

भागवतरावांनी चष्मा पुसला. समोर दोनशे माणसं रिकामी भांडी घेऊन धापा टाकत होती. काही त्यांच्याच वयाची, काही अनवाणी.

“एवढे लोकं आगच समजून आले?” त्यांनी विचारलं.

“मंग काय पाहाले येतील?” धनीबाई म्हणाली.

भागवतरावांनी मिश्या पिळून पाणी काढलं. “आमच्या गल्लीत मांगच्या साली गंजी पेटली,” ते म्हणाले, “तं सारे मोबाइल काढून उभे होते. सूनबाई आमच्याकडे आली हे बरंच झालं म्हणा.” आणि त्यांनी मनकर्णाबाईकडे अंग पुसायला टॉवेल मागितला.

जानराव शिडीवरून उतरून गुपचूप घराकडे निघाला होता. शीलाबाई कळशी घेऊन त्याच्या मागे.

“जानराव, थांब,” मनकर्णाबाई ओरडली. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेले दोन हार तिने उचलले, एक त्याच्या हातात दिला, एक शीलाच्या. “तुमचं राह्यलं होतं. माह्या हातानं राह्यलं. आता उभं राहा समोरासमोर.”

जानरावने हाराकडे पाहिलं, मग कोणी मामा मध्ये नाही ना ते पाहिलं. लोक हसले. तो हसला नाही, पण गेलाही नाही.

मनकर्णाबाई पुन्हा बॉयलरच्या खोलीत शिरली. टाकीत उरलीसुरली हवा होती. या वेळी दुपट्टा नको, असं तिने खिडकीतून बजावलं. शीला, तूच हात वर कर.

शीलाबाईने हात लगेच वर केला नाही. आधी कळशी खाली ठेवली, पदर नीट केला, नवऱ्याची टोपी सरळ केली. मग हात वर केला. भोंगा एकदाच वाजला, आखूड आणि थोडा घोगरा, आणि साखळी सोडताच गुमान थांबला. दोन्ही हार बरोबर गळ्यांत पडले.

जानरावने खिडकीकडे तोंड केलं आणि एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, “वहिनी, तवा लवकर वाजवला अन् आता उशिरा. तुह्या हाताले टाइमच नाई.”

“झाला उशीर तं झाला,” आतून आवाज आला, रडका आणि तरी तेवढाच मोठा. “जेवाले बस आता. वरण थंडं होऊन राह्यलं.”