चाचांच्या गळ्यातली मुद्रा

इस्माईलचाचा दगड जिभेला लावून बघत. अकीकाचा खडा ओला झाला की त्यातली रेघ उठून दिसते, हे त्यांचं शास्त्र. मी सौदीत, जेद्दाच्या हॉस्पिटलात नर्स, मला ते बघवत नसे. मी रागावले की म्हणत, "बाय, चाळीस वरसां झाली चाटतोय. तुझ्या दवाखान्यात कधी आलो काय?"

आता ते खेडला आपल्या घरी खुशाल आहेत. जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. अंगठीच्या खड्यांवर ते नावं कोरून देत. गिऱ्हाइकानं घाई केली की हत्यार खाली ठेवत. "घाई केलीस तर तडकंल. यल्ला, आधी चा पी." स्वतःच्या कामाचं कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कौतुक एकाच कारागिराचं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला, बटणाएवढा जुना दगड असे. सौदीच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एका गिऱ्हाइकानं खूश होऊन दिलेला. त्यावर दोन हरणं कोरलेली. "ह्यो माझा उस्ताद. बघ, मान कशी वळवलीय!"

माती खाल्ली ती मी. रियाधच्या संग्रहालयात तसलेच दगड पाहून आले आणि उत्साहानं सांगून बसले, की या हजारो वर्षांपूर्वीच्या मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचे शिक्के. लोक त्या गळ्यात घालत आणि मेल्यावर त्यांच्यासोबतच पुरत. चाचांचा हात गळ्याशी गेला.

"म्हणजे ह्यो मढ्याच्या गळ्यातला?"

त्यांचं कायमचं परत जायचं ठरलं होतं, कागदपत्रं झाली होती. असली जुनी वस्तू सरकारजमा करायचा कायदा, पण शेजारचे दुकानदार म्हणाले, गुपचूप घेऊन जा, चौकशीत अडकलात तर घर राहील बाजूला. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. "बाय, ह्यो सरकारात द्यायचाय, माझ्यासंगं चल. अरबी येते मला, पण एकट्याला भ्या वाटतंय."

पुराणवस्तूंच्या कार्यालयातल्या तरुण अधिकाऱ्यानं भिंगातून मुद्रा पाहिली आणि उठून चाचांना स्वतःची खुर्ची दिली. माझा जीव भांड्यात पडला. त्यानं नोंदवही उघडून नाव विचारलं.

"माझं कशाला? ज्यानं कोरलं त्याचं लिही," चाचा अरबीत म्हणाले.

"ते कुणालाच ठाऊक नाही, या अम्म," अरबीत 'काका' म्हणत तो उत्तरला.

जन्मभर लोकांची नावं कोरणाऱ्या त्या माणसानं वहीवर बोट ठेवलं. "मग त्याच्यासाठी जागा सोड. माझं खाली लिही, बारीक."

अधिकाऱ्यानं एक ओळ कोरी सोडली. चाचांनी चष्मा लावून ती नीट पाहिली, मगच सही केली.