विसावी पट्टी

खारबावच्या रंजिताने नर्सिंग होममध्ये हजारभर माणसांच्या छातीला रबरी फुगे चिकटवले होते. कुठला फुगा कुठल्या बरगडीपाशी, हे ती डोळे मिटून सांगायची. पण मशीनमधून सरसरत बाहेर येणाऱ्या ईसीजीच्या पट्टीवर काय उमटलंय, त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. वाचणं डॉक्टरांचं काम. आपण पट्टी फाडायची, नाव घालायचं, टेबलावर ठेवायची. आपली अक्कल तेवढीच, असं ती स्वतःच हसून सांगे.

२००४ साली तिचा बा, नामा, सकाळीच तिथे आला. वळ गावच्या गोदामात तो हमाली करायचा. छातीवर कुणीतरी गोणी ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाला. रंजिताने त्याला झोपवलं, पट्टी काढली. डॉक्टर ऑपरेशनला निघालेले. "कशी आलीय?" त्यांनी दारातूनच विचारलं. "नेहमीसारखीच आहे, सर," ती म्हणाली. कुठल्या तोंडाने म्हणाली, देव जाणे! डॉक्टरांनी लांबूनच एक नजर टाकली, मान हलवली आणि गेले.

"जाऊ ना रंजे? दुखतंय थोडं, पन गोदामात मालाची गाडी लागली असंल."

"जा बा. काय न्हाय तुला."

संध्याकाळी नामा गेला. त्या दिवसापासून रंजिताचं ते हसणं बंद झालं.

आता २००७ होतं. कल्याणला दर रविवारी भरणारा ईसीजी वाचनाचा वर्ग तिने सहा महिने पदरमोड करून केला होता. परीक्षा उद्यावर आली होती, सोमवारी. बरोबर वीस पट्ट्यांची वही न्यायची: प्रत्येक पट्टीखाली आपलं वाचन आणि पेशंटचं पुढे काय केलं ते. एकोणीस चिकटवून झाल्या होत्या. दुपारी भारनियमनाने वीज गेली, तशी ती उंबऱ्यात उजेडाला येऊन बसली. पुस्तकातलं हार्ट अटॅकचं प्रकरण मात्र तिने अजून उघडलं नव्हतं. महिनाभर ती त्याच्या आधीचीच पानं घोकत होती. भित्री होती, दुसरं काय!

तेवढ्यात तिची आई गोदू आतून आली. तिच्या हातात रेशनकार्डाचा पत्र्याचा डबा होता. तळातून तिने एक घडी काढून लेकीपुढे धरली.

"ह्यो तुझ्या बाचा कागद. त्या दिशी त्याच्या खिशात व्हता. आता तुला वाचाया येतो ना?"

रंजिताने घडी उलगडली. असा कागद उजेडात राहिला तर पांढरा पडतो, हे गोदूला कुठून ठाऊक असणार? पण डब्यातल्या अंधाराने तो जसाच्या तसा राखला होता.

"आये, उद्या परीक्षा हाय माझी."

"नापास झालीस तरी चालंल. पन मला सांग, त्याच्यात व्हतं का न्हवतं?"

तीन वर्षं ही बाई लेक शिकून येण्याची वाट पाहत होती. रंजिताने ते टाळलेलं प्रकरण उघडलं. कागदाच्या कडेवर पेन्सिलने खुणा करून ठोके मोजले. ते बरोबर. मग एकेक रेघ. उचललेली आहे का? नाही. दबलेली? नाही. पट्टीवरच्या बाराही आलेखांत तिने चौकोन मोजले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. गोदू समोरच उभी.

"साफ हाय, आये. कायबी न्हाय याच्यात."

गोदू मटकन खाली बसली. "म्हंजे तुझी चूक न्हाय," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

रंजितालाही छाती भरून श्वास घेता आला. तिने पान उलटलं. तिथे चौकटीत छापलं होतं: दुखणं चालू असेल तर एका साफ पट्टीवर विसंबू नये. पेशंटला जाऊ देऊ नये. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढावी.

दुखतंय थोडं, म्हणाला होता तो.

संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसून होती. मग तिने वहीत विसावी पट्टी चिकटवली. खाली लिहिलं: वाचन, नॉर्मल. काय केलं: दुखत असताना घरी पाठवलं. दुसरी काढली नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांची पेन्सिल त्या पानावर थांबली. "कुणी पाठवलं घरी?"

खोटं बोलावं, असं क्षणभर वाटलं. खरं सांगितलं तर हातातली नोकरीही जायची. "मी," ती म्हणाली. "माझा बा होता."

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि उद्या असा कुणी आला, जायची घाई केली, तर?"

"जाऊ द्यायचं न्हाय." शहरातली मराठी तिच्या तोंडून पळाली होती.

त्यांनी पानावर सही केली.

घरी आली तेव्हा गोदू भाजी चिरत होती. "पास झाले," रंजिताने सांगितलं आणि खाली बसली. "पन आये, चूक माझीच हाय. कागद साफ व्हता, पन मी त्याला थांबवून दुसरा काढाया पायजे व्हता."

गोदूने विळी बाजूला सारली.

"परीक्षा व्हती म्हून काल न्हाय बोलले," ती हळू म्हणाली. "कागदात काय वाईट निघालं असतं, तर मरेपरेंत बोलले नसते. त्या दिशी दुपारी घरी आल्यावर त्याला लई दुखाया लागलं. मी म्हनले, चला परत दवाखान्यात. दोनदा म्हनले. त्यो जागचा हलला न्हाय. म्हनला, रंजीनं मशीन लावून बगितलंय. रंजी चुकायची न्हाय."