यंत्राची आरती

बाळांनो, तुमच्या पणजीकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून, मी एकदा भर सिनेमागृहात एका लोखंडी यंत्राची आरती करवली. भविष्यकाळाच्या चित्रपटांत देवधर्म कशाला आणतात, असं तुम्ही पत्रात विचारलंत, म्हणून सांगते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, चित्रपट मुके होते आणि मी कुंभकोणमच्या या मराठी घरात नवी सून होते. मी कॉलेजात जावं की नाही, हे सासूबाई ठरवणार होत्या. इंग्रजी शिकून पोरी देवाला विसरतात, असं त्यांचं मत. त्यात एक विलायती चित्रपट आला: पुढच्या काळातलं शहर, जमिनीखाली राबणारी माणसं, शेवटी महापूर. मला तो पाहायचाच होता.

"कलियुगाचा शेवट आहे, आत्याबाई," मी सासूबाईंना सांगितलं. (खोटं नव्हतं.)

"मग मीही येते," म्हणत त्यांनी तबक आणि कापूर घेतला. पडद्यावर देव आला की ओवाळायचं, ही आमच्याकडची रीतच होती.

संवाद इंग्रजी पाट्यांवर लिहून येत. मी प्रत्येक पाटी आधी सासूबाईंना मराठीत सांगे, मग मागच्या बायकांना तमिळमध्ये. तोवर पुढची पाटी निघून जाई.

एक अजस्र यंत्र दिसलं. हजारो माणसं त्याच्यापुढे लोटांगण घालत होती.

"हा कोण गे सामी?"

"त्यांचा देव," मी पाटी वाचून सांगितलं आणि तमिळसाठी मागे वळले.

वळून पाहते तो सासूबाई उभ्या, कापूर पेटलेला. मॅनेजर ओरडत धावत आला आणि आरती पाहून चपला काढून उभा राहिला.

मग नायक हातोडा घेऊन यंत्रावर चढला.

"अगे, हा सामीला फोडतो!"

"तो नरसिंह, आत्याबाई."

"मग मी ओवाळलं कोणाला?"

"हिरण्यकशिपूला." दुसरं काही सुचेना.

त्यांनी तबक पदराखाली घेतलं आणि तडक घरची वाट धरली. माझं कॉलेज संपलं, असं मी धरूनच चालले. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "खरं सांग. त्या देवाच्या पुढच्या पाटीवर काय लिहिलं होतं?"

"माहीत नाही. मी तमिळमध्ये होते. बहुतेक, ते यंत्र माणसं खातं म्हणून."

त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. "हिला कॉलेजात घाला. अर्धं इंग्रजी घरात नको. आज राक्षसाला ओवाळलं, उद्या काय करवील कोण जाणे."

आजी हुशार म्हणून बी.ए. झाली, असं तुमचे आजोबा सांगत. ते प्रायश्चित्त होतं, आणि मला ते दोन वर्षं जास्त करावं लागलं. मी इंग्रजीतच दोनदा नापास झाले.