पाचवं कार्ड

त्या हेडर कार्डाची मला अजून शिसारी येते. कार्ड कसलं, हातभर लांबसुद्धा नाही, भोकं पाडलेला जाड कागद. पण त्यानं माझी लायकी मला दाखवली.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरी गावांत हातपंप बसायचे होते आणि कुठल्या वस्तीला पाणी किती लांब, याची यादी आमच्या पुण्यातल्या ऑफिसनं कॉम्प्युटर मशीनवर करायची होती. प्रोग्राम माझा. प्रत्येक गावाचं पहिलं कार्ड ते हेडर. गावात वस्त्या किती, हे ते सांगायचं. मशीन तेवढीच जागा राखायचं, मग वस्तीमागे एक कार्ड वाचायचं. हेडर चार म्हणालं आणि पाचवं कार्ड आलं, की मशीन ठप्प.

आणि ते सारखं ठप्प व्हायचं! मशीन दुसऱ्यांचं, आम्हाला दुपारचे दोन तास मिळायचे. मी प्रोग्राम उलटापालटा केला, कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगवाल्या बायकांवर उगाच खेकसलो. शेवटी साहेब म्हणाले, "अहो, जास्तीचं कार्ड काढून टाका ना! इतकं काय डोकं लावताय?"

काढली. एकोणीस गावांची एकोणीस कार्डं माझ्या खणात गेली. मशीन सुरळीत चाललं, यादी छापून झाली, साहेबांनी चहा पाजला. तो चहा मला गोड लागला, हे लिहिताना आज तोंड कडू होतंय.

पुढच्या आठवड्यात खण आवरताना ती कार्डं हाताला लागली. प्रत्येक गावात नेमकं एकच जास्तीचं, कमी कुठेच नाही. चूक इतकी शिस्तीत कशी होईल? कार्डांवर नुसते आकडे; वस्त्यांची नावं असलेले मूळ तक्ते भोरच्या कचेरीत होते. रजा टाकून एसटीनं गेलो.

तिथले कारकून वयस्कर आणि अगत्यशील. तक्ते काढून देत म्हणाले, "चूक न्हाई त्यात. गाव म्हंजे गावातल्या आळ्या आन् वाड्या. त्या मोजून वरच्या चौकटीत आकडा टाकायचा. मग खाली रेघ मारायची आन् रेघंखाली बौद्धवस्ती लिवायची."

"मग ती मोजत नाही?"

"लिवतो की! मोजत न्हाई. आमच्याकडं पयल्यापास्नं असंच हाय."

"आणि भाऊसाहेब, पाणी?"

"त्येंचं ते बगत्यात," म्हणाले आणि चहाची बशी माझ्यापुढे सरकवली.

वरच्या चौकटीवरून हेडर पंच झालेलं, रेघेखालच्या ओळीवरून पाचवं कार्ड. मला किळस आली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण हा मायेनं चहा पाजत होता. आणि मी तरी कुठला? भोर तालुक्यातल्याच सारोळ्याकडचा. आमच्या गावात कोण कुठं राहतं ते लहानपणापासून पाहिलेलं. ही रेघ ओळखायला मला भोर कशाला लागावं? थू माझ्या शिक्षणावर!

त्या एकोणीस गावांतलं एक हिर्डोशीच्या वाटेवर होतं. तिथं उतरलो. विहिरीपासून चार हात लांब एक बाई रिकामा हंडा घेऊन उन्हात उभी होती. वर पाणी शेंदणाऱ्या बायका आपापली भांडी भरून झाल्यावर तिच्या हंड्यात वरून ओतणार, तोवर तिनं थांबायचं.

यादीच्या ऑफिसातून आलोय म्हटल्यावर ती जवळ आली. "दादा, आमची वस्ती लिवलीया न्हवं? मास्तर समदं इचारून गेलं हुतं. पंप येनार म्हनलं."

"व्हय मावशी, लिवलीय," मी म्हणालो. ते खरं होतं. लिहिलेलं कार्ड पुण्यात माझ्या खणात होतं.

परत आलो, एकोणीस हेडर नव्यानं पंच करून घेतली, पाचवी कार्डं जागेवर लावली आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "यादी वर गेली. आता काय, आमच्याकडून चूक झाली म्हणून कळवू? तुमची नोकरी कायम व्हायचीय ना अजून?"

व्हायची होती. मी गठ्ठा उचलला आणि पुन्हा खणात टाकला. पावसाळ्यापर्यंत माझा कायमचा हुकूम आला, पेढेही वाटले. निर्लज्जासारखे वाटले!

पावसाळा सरल्यावर पुन्हा त्या गावाला गेलो, का ते मलाही सांगता येणार नाही. पंप आला होता. गावाच्या मधोमध, देवळापुढे, पक्क्या ओट्यावर. दांडा गावातल्या बायकांच्या हातात होता, आणि ती ओट्याखाली रिकामा हंडा घेऊन उभी होती. तिनं मला ओळखलं.

"आला बगा पंप," ती म्हणाली. "तुमी लिवलं म्हनून आला."